मुळ्याचा पाला

“दीदी, वास बाहेर जातोय?” रिनीने विचारलं.

“नाही गं,” मी खोटंच म्हणाले. तो पार मळ्याच्या फाटकापर्यंत गेला असणार.

रिनी आमच्या मखमलाबादच्या मळ्यातली भाडेकरू. मिझोरामहून नाशिकला नर्सिंग शिकायला आलेली. आता मराठीही बोलायची. परवा एसटीडी बूथवर तिला कळलं, आई गेली. पुरूनही झालं होतं. एवढ्या लांब जाऊन करणार काय? तेव्हापासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. काल ती आमच्या बिनकठड्याच्या विहिरीशी उभी दिसली. “पाणी बघत होते,” म्हणाली. त्यानंतर माझ्या लेकीला, वेदिकाला कडेवर घेऊन मी सारखी तिच्या खोलीवरून चकरा मारत होते.

सकाळी ती म्हणाली, “आई करायची तसं डुकराचं मटण करू? तेवढं खाईन.”

माळकरी सासूच्या वस्तीत! पण सासूबाई फुलं घेऊन बाजारात गेल्या होत्या. मी हो म्हणाले. देवळाली कॅम्पातून मटण आणि गाडीवरच्या चायनीजवाल्याकडून सोया सॉस घेऊन ती परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची आई वर मोहरीची पानं घालायची. मी वाफ्यातला मुळ्याचा पाला खुडून दिला.

तेल नाही, फोडणी नाही. चरबीसकट तुकडे पाण्यात, वर ठेचलेलं आलं, लसूण, मिरच्या. रिनी स्टोव्हपाशी उकिडवी बसून ढवळत होती. पळी भांड्याला लागून वाजत होती.

“सुवर्णा! काय शिजतंय गं हे?”

सासूबाई अंगणात. डोक्यावर रिकामी पाटी, गळ्यात माळ. माल लवकर खपला होता. रिनीने भीतीने स्टोव्हच बंद केला. खोली गेली, असंच मला वाटलं. आणि खोली गेल्यावर ही पोर जाणार कुठे?

“डुक्कर,” मी म्हणाले. “तिची आई वारली, आत्याबाई. परवा कळलं. तिनं काहीच खाल्लेलं नाही...”

मी त्यांना सांगितलं नव्हतं. सुतकाचं काहीतरी काढतील म्हणून.

सासूबाईंनी पाटी खाली ठेवली. “परवा? आन् तिलाच चूल पेटवाया लावली?”

“तिला तेच खायचं होतं...”

“लय शिकलीस तू. जिचं माणूस गेलं तिनं रांधायचं नसतं. शेजारपाजाऱ्यांनी कडू घास न्यायचा, येवढंबी ठाव नाय?” त्यांनी पदर नाकाला लावला. “तुला हात नायत? ती सांगल तसं तू शिजव. आन् ते भांडं माझ्या मोरीत आणायचं नाय.”

वेदिकाला माझ्या कडेवरून ओढून घेऊन त्या निघून गेल्या.

मी स्टोव्ह परत पेटवला, पळी हातात घेतली. रिनी भिंतीला टेकून सांगत राहिली, “आता सॉस. आता पाला. झाकू नको, दीदी.”

मऊ भातावर मी तो काळपट रस्सा वाढला. तिने घास घेतला. चावत राहिली.

“आईचं असं नव्हतं लागत.”

तिने रश्शातला पाला बोटाने बाजूला सारला. मग दुसरा घास घेतला.

“खाल्लं का गं तिनं?” बाहेरून आवाज आला.

मी दारात आले. सासूबाई विहिरीच्या वाटेवर फतकल मारून बसल्या होत्या. नाकाला पदर, मांडीवर वेदिका, तोंड रिनीच्या दाराकडे.

विहिरीचं तर मी त्यांना सांगितलंच नव्हतं.