सातवी अंगाई

रोंकोने अंगाईगीतं काढली हे बास्कोने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी कारखान्यात बसच्या सीटची खोळ शिवत होते. सुई थेट अंगठ्यात गेली.

"कसली गीतं?"

"अंगाई! बाळाला झोपवायची. सोबत एक पोरगी हार्प वाजवते. ढोल नाही, गिटार नाही. आणि हा कुजबुजतो गं सुले, कुजबुजतो!"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. रोंको म्हणजे घोगरा. तीस वर्षं हा माणूस घसा फाडून गातोय, आणि त्या घशासाठी आम्ही पावसात, चिखलात, पोलिसांच्या काठ्या खात अख्खा देश पालथा घातलाय. त्याच्या बँडचं नाव 'ला पेर्रेरा', म्हणजे भटकी कुत्री पकडून कोंडायची जागा. म्हणून आम्ही त्याची कुत्री, आणि ते आम्ही छाती पुढे काढून सांगतो. मैफिलीत आम्ही टाळ्या वाजवत नाही, भुंकतो. आणि हा बाबा आता बँडला घरी बसवून एकट्याने सीडी काढतो, वर तिला नाव देतो 'झोपा आता'. कुणाला सांगतोय झोपायला? आम्हाला?

आमच्या हेर्ली वस्तीच्या टोळीचा झेंडा माझ्याकडे असतो. मीच शिवलाय तो, कोटाच्या अस्तराच्या कापडाचा, आठ मीटर लांब. वर 'हेर्ली' आणि खाली आमच्या मेलेल्यांची नावं, पांढऱ्या रंगात. प्रत्येक वस्तीच्या झेंड्यावर अशी नावं असतात. शेवटच्या गाण्याआधी रोंको कुठलातरी एक झेंडा निवडतो आणि त्यावरचं एकेक नाव वाचतो. प्रत्येक नावाला सगळं मैदान ओरडतं, "हजर!"

आमच्या झेंड्यावर सात नावं. सगळ्यात खाली माझा धाकटा भाऊ, चिचार्रा. रात्रंदिवस गात असायचा म्हणून आईनेच त्याला रातकिड्याचं नाव ठेवलं होतं. आसुल गावच्या मैफिलीहून परत येताना ट्रकच्या टपावरून पडला. एकोणीस वर्षांचा होता. रोंकोने त्याचं नाव एकदाच वाचलं, तेरा वर्षांपूर्वी, आणि चाळीस हजार माणसं "हजर" म्हणाली. त्या दिवशी मला वाटलं, बस, आता हा झेंडा माझ्या हातून सुटायचा तो मी मेल्यावरच. माझ्याकडे भावाचं दुसरं काही उरलेलं नाही. दफनभूमीत मी जात नाही, तिथे नुसता दगड आहे.

तर त्या रविवारी बास्कोच्या अंगणात सगळे जमलो. बास्को आमचा म्होरक्या. गाडीभर पोट आणि आवाज त्याहून मोठा. शेगडीवर बरगड्या भाजत होत्या. त्याने सीडी लावली. टिंग टिंग हार्प वाजली, मग रोंकोचा आवाज आला, लहान, उघडा, खोकला झालेल्या म्हाताऱ्यासारखा. अर्धं गाणं झालं असेल नसेल, मी उठले, सीडी काढली आणि निखाऱ्यांवर टाकली. लोक इतके भुंकले की शेजारची खरी कुत्रीही सामील झाली.

"बरगड्यांना प्लास्टिकचा वास लागेल ना, बये!" बास्को म्हणाला.

"लागू दे. त्याच्या गाण्यापेक्षा बरा."

तेव्हा टुचो बोलला. टुचो आमच्यातला सगळ्यात गरीब गडी, कुलपं दुरुस्त करणारा. बायको मिर्ता चिचार्राच्या आदल्या वर्षी गेली, तिचं नाव झेंड्यावर सहावं. तो हळूच म्हणाला, "मला आवडली. शेवटपर्यंत ऐका तरी. त्यात आपल्याच..."

पुढचं आम्ही ऐकलं नाही. आम्ही भुंकलो. सगळे, त्याच्या तोंडासमोर. तो पुन्हा तोंड उघडी, आम्ही पुन्हा भुंकू. गंमत वाटत होती, खोटं का बोलू. शेवटी त्याचे डोळे भरले तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्याला अंगाई म्हणा कुणीतरी!" आणि हशा पिकला.

मग मी नियम केला. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "जो कुणी ही घाण ऐकेल, त्याच्या घरचं नाव झेंड्यावर राहणार नाही." बास्कोने हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. काळ्या रंगाचा डबा माझ्याच कारखान्यातून आणला, झेंडा टेबलावर पसरला आणि ब्रशही मीच धरला.

"सुले," टुचो म्हणाला, "मिर्ताने तुझ्या आईची सेवा केलीय गं, ऑपरेशनच्या वेळी."

"मग सीडी ऐकताना आठवायचं होतं," मी म्हणाले. दोन अक्षरं, दोन फटकारे. टुचोने टोपी घातली आणि गेला. आम्ही बरगड्या खाल्ल्या. प्लास्टिकचा वास खरंच लागला होता.

घरी आले तर स्वयंपाकघरात हार्प. माझी आई, लोक मानाने दोन्या क्लोतिल्दे म्हणतात ती, शहात्तर वर्षांची, रेडिओला कान लावून बसलेली. मी फटकन बटण बंद केलं.

"अगं, लागू दे ना," आई म्हणाली. "किती गोड म्हणतोय. टुचो मला त्याची सीडी आणून देणार आहे."

"माझ्या घरात ते चालणार नाही."

"घर माझं आहे, सुलेमा."

"मग मी जाते!"

"जा," आई म्हणाली. "जेवून जा."

दोन आठवडे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिच्या खोलीतून बारीक बारीक आवाज यायचा, मी शिलाई मशीन जोरात चालवायचे. एकदा ती दारात येऊन उभी राहिली, हातात सीडीसोबतची छोटी पुस्तिका. "हे बघ तरी, सातवं." मी मशीन थांबवलीच नाही.  ती चप्पल घासत परत गेली.

रोंकोने शहरातल्या एका जुन्या नाटकघरात ती गाणी म्हणायचं ठरवलं. खुर्च्या लावलेल्या, लाल मखमलीच्या! आम्ही कुत्री कधी खुर्चीत बसलो नव्हतो. बास्कोने बेत केला: सगळ्यात वरच्या सज्ज्याची तिकिटं घ्यायची, तो गाऊ लागला की पाठ फिरवायची आणि झेंडा उलटा सोडायचा. झेंडा उलटा टांगणं म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. फुटबॉलमध्ये शत्रूचा चोरलेला झेंडा तसा टांगतात. स्वतःचा कुणी टांगत नाही. आम्ही टांगणार होतो, म्हणजे त्याला कळेल की हेर्ली त्याच्यासाठी मेली.

झेंडा आत नेण्याची आमची पद्धत जुनी. मी तो पोटाभोवती गुंडाळला आणि वरून मोठा कोट घातला. दारावरचा म्हातारा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "अभिनंदन, बाई! सांभाळून चढा." सेहेचाळीस वर्षांची मी! मागे पोरं हसून हसून लोळायला आली. मीही पोटावर हात ठेवून ठुमकत चढले.

दिवे मंद झाले. रोंको आला, चष्मा घातलेला, पांढरा सदरा, साध्या खुर्चीत बसला. बाजूला हार्पवाली पोरगी, पॅराग्वेची असावी. सहा गाणी आम्ही दात ओठ खात गप्प राहिलो, कारण बास्कोचा हुकूम होता: मधोमध मारायचं, म्हणजे जास्त लागतं.

सातव्याच्या आधी रोंको माइकजवळ वाकला. बास्कोने बोट वर केलं. मी भुंकायला सुरुवात केली, कारण सुरुवात नेहमी मीच करते.

आणि रोंको हसला. बरं का, त्याला वाटलं आम्ही त्याच्यासाठी आलो. कपाळावर हात धरून तो वर बघू लागला, आणि तोंडभर हसला. त्याने हात केला. हार्पवालीला कोपराने ढोसलं, बघ, माझी कुत्री आली. तेवढ्यात आम्ही झेंडा सोडला. आठ मीटर अस्तर सज्ज्यावरून खाली उतरलं, अक्षरं उलटी, आणि आम्ही पाठ फिरवली.

पाठ फिरवली तरी मान वळतेच. तो काहीतरी बोलत होता, गायला लागला होता, ओठ हलत होते. आम्ही चाळीस जण भुंकत होतो, एक शब्द ऐकू येत नव्हता. खाली लोक उठून आमच्यावर ओरडत होते. आणि तिसऱ्या रांगेत एक म्हातारी उभी राहिली. निळा स्वेटर. मी विणलेला. शेजारी टुचो, तिचा दंड धरून. आई वर बघत होती, दोन्ही हात जोडून काहीतरी म्हणत होती, पुन्हा पुन्हा तेच.

मला वाटलं, मला लाजवायला आलीय. मी आणखी जोरात भुंकले.

रोंको थांबला. झेंड्याकडे बघितलं, खालून वर, सावकाश, उलटं वाचतात तसं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि आत निघून गेला. परत आला नाही. ती पोरगी हार्पला मिठी मारून रडत बसली. आम्ही जिंकलो होतो. पायऱ्या उतरताना बास्कोने मला खांद्यावर उचललं.

फुटपाथवर आई कठड्याला टेकून बसली होती. टुचोने तिला पाणी आणून दिलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तिने ती पुस्तिका माझ्या हातात दिली. सातवं पान दुमडलेलं.

नऊ गाणी, नऊ नावं. त्याने झेंड्यांवरून टिपलेली. मैदानात ज्यांच्यासाठी तो ओरडायचा त्यांना त्याने एकेक अंगाई लिहिली होती. सातव्यावर छापलं होतं: 'चिचार्रासाठी, हेर्ली.'

"तो म्हणाला, हे गाणं हेर्लीच्या एका पोरासाठी," आई म्हणाली. "एवढंच मला ऐकू आलं. पुढचं सगळं तुझ्या भुंकण्यात गेलं." तिचा आवाज चढला नाही. "मी तुला खालून सांगत होते, सुलेमा, तुझा भाऊ आहे, तुझा भाऊ आहे. माझं पोर कुणीतरी झोपवत होतं गं. आणि तू त्याला उठवलंस."

मला वाटलं जमीन फाटावी. तोंडातून मात्र निघालं, "मला आधी का नाही सांगितलंस?" टुचोने आईच्या हातातला पाण्याचा पेला घेतला. 

आणि तेवढ्यात मागून बास्को. "दोन्या क्लोतिल्दे! तुम्ही आत होता?" आईच्या हातातलं तिकीट त्याने बघितलं, मग माझ्याकडे. आवाज गोड केला. "सुले, नियम नियम असतो. तूच केलास."

"बास्को, ते गाणं चिचार्राचं होतं. नाव छापलंय, बघ."

"मग तर जास्तच वाईट. आपल्या मेलेल्यांना विकून खातोय तो." सगळे मान हलवायला लागले. दोन मिनिटांपूर्वी हेच मीही म्हणाले असते. "टुचोला एक न्याय आणि तुला दुसरा? नको तर राहू दे. झेंडा दुसरं कुणी सांभाळेल. पोरं आहेत पुष्कळ."

त्या क्षणी झेंडा त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता. मिर्ताच्या नावासाठी टुचोच्या पाया पडायला हवं होतं. मी हिशेब केला तो वेगळाच: नाव गेलं तर झेंडा राहील, झेंडा गेला तर काहीच राहणार नाही. असा हिशेब माणूस कसा करतो ते मला विचारू नका. सोमवारी कारखान्यात, सगळ्यांसमोर, त्याच काळ्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला. रंगावर साय धरली होती, ती मोडली. आठ मीटर झेंड्यावर सगळ्यात खालची ओळ. फटकारे सरळ आले, सवय होती. बास्को म्हणाला, "शाबास, पोरी."

आईने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलंय. जेवायला वाढते. खोलीतून आता काही ऐकू येत नाही.

रोंकोने 'झोपा आता' दुकानांतून परत मागवली. नोव्हेंबरमध्ये रोंको बँड घेऊन मैदानावर आला आणि पन्नास हजार कुत्री वेडी झाली. सगळे म्हणत होते, आपण त्याला ताळ्यावर आणलं. तो पूर्वीसारखा ओरडला, एकही सूर चुकला नाही. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. शेवटच्या गाण्याआधी दिवे झेंड्यांवर फिरले, आणि त्याने बोट केलं. आमच्याकडे.

तो वाचू लागला. पहिलं नाव. "हजर!" दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. "हजर!" मग काळा पट्टा, मिर्ताचा. तो थांबला, पुढे गेला. मग दुसरा काळा पट्टा. तिथे त्याचं बोट राहिलं. त्याला माहीत होतं तिथे कोण होतं. त्याने माइक स्टँडवरून काढला आणि हात लांब करून आमच्या दिशेने धरला.

"आणि?" तो म्हणाला.

मैदान गप्प झालं. पन्नास हजार माणसं त्या एका नावाची वाट बघत होती. ते म्हणण्याचा हक्क जगात एकट्या माझा होता, आणि झेंड्याची काठी माझ्या हातात होती. बास्कोने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं आणि भुंकले.