सोमाचं बियाणं

परदेशी शिकणारी पोरं एक्स्चेंज सेमिस्टरला कुठे जातात? कुणी स्पेनला, कुणी जपानला. रविनाने निवडला स्वतःचाच देश. नेदरलँड्समधली तिच्या वर्गातली मुलं हसली, तेव्हा ती म्हणाली, तुम्ही बघायला चाललात, मी पेरायला चालले. मुंबईच्या कॉलेजात हजेरी लावायची, शनिवार-रविवार बदलापूरपलीकडच्या आपल्या पाड्यावर बापाचा तांबडा भात लावायचा आणि जाताना चार मुठी तिकडच्या प्रयोगशाळेत बाटलीत जपायला न्यायच्या, असा तिचा बेत. बाप, सोमा, जाऊन दोन वर्षं झाली होती. बी मरू नये म्हणून तिची आई भागीरथी एकटीच एका वाफ्यापुरतं लावायची. तेवढंच बी पेंढ्याच्या मुड्यात बांधून आढ्याला टांगलेलं. आजूबाजूच्या कुठल्याच घरात ते आता उरलं नव्हतं.

रविना तिकडून सारखी फोन करी. राब भाजायला पाला तोडून ठेव, शेण वाळत घाल, साईनाथदादाला बांध बघायला सांग. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण पोरगी मनापासून हाकत होती, हेही खरं. हा तिचा थोरला भाऊ आनंदनगरच्या कंपनीत कंत्राटावर, त्याला सुट्टी म्हणजे खाडा, त्या दिवसाचा पगार गेला. भागीरथी नुसतं "हां, हां" करी. एकदाच तिने विचारलं, "परत कवा जाशील?"

"जुलैच्या शेवटी. लावणी करूनच जाईन, तिकीट काढलंय."

"बरं," म्हणून आईने फोन ठेवला. रविनाला वाटलं, आई खूश आहे.

फेब्रुवारीत ती रिक्षातून उतरली, तर घरात शेजारणीकडून आणलेली प्लास्टिकची खुर्ची मांडलेली. भागीरथीने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला खुर्चीत बसवलं आणि ताट हातात दिलं. गावठी कोंबड्याचा रस्सा आणि भाताचा ढीग. भात तांबूस होता.

दोन घास पोटात गेले. तोच वास. बाप आपल्या ताटातला घास भरवायचा ते आठवून तिचे डोळे भरले. मग तिसरा घास हातातच राहिला. तिने वर पाहिलं. आढ्याला नुसती दोरी लोंबत होती.

"आये, मुडा कुठाय?"

"सोडला. कांडला. तुझ्या ताटात हाय."

पाड्यावर लोक उपाशी झोपले होते, रानातले कंद उकडून खाल्ले होते, पण बियाण्याला हात लावला नव्हता. बी खाल्लं की घर बुडालं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हातारीला भ्रम झाला, असंच रविनाला वाटलं. ती ओरडली, "अगं, ते पेरायचं होतं! मी त्याच्यासाठी आले!"

"पेराला आलीस," भागीरथी शांतपणे म्हणाली. "लावशील बी. दिवाळीला कापाला कोण?"

"दादा आहे ना."

"साईनाथ खाडे करल? माझी तर यंदा कंबर गेली. तुझा बाप दवाखान्यात होता तवा उभा भात शेतात झडला, तो मी बघितला. आता नाय बघवाचा. बी राखाचं ते पेरणाऱ्यासाठी. या घरात आता पेरणारा नाय. मंग लोकांच्या बाटलीत बंद होण्यापरीस माझ्या पोरीच्या पोटात गेलं, काय वाईट झालं?"

"मी थांबते," रविना म्हणाली. "जुलैत नाही जात. कापणी करूनच..."

बोलता बोलता तिचा आवाज तिलाच ऐकू आला. इतके दिवस फोनवर हे एक वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. आता निघालं, कारण आता थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे छातीवरचं काहीतरी हलकं झालं होतं. बापाचं बी संपलं होतं आणि ती सुटली होती. तिला स्वतःची शिसारी आली. आई तिच्याकडेच बघत होती. लेकीच्या मनातलं आईला कळलं होतं.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे पाहुणीला काही कमी नव्हतं.

"खा. टाकू नको," भागीरथी म्हणाली आणि टोप खरवडून उरलेला सगळा भात तिने लेकीच्या ताटात वाढला.

रविना खुर्चीत बसून शेवटच्या शितापर्यंत जेवली.