फोटोतून पुसलेली पट्टी

मी पट्टी बोलतेय. शाळेच्या दप्तरातली नव्हे, फोटोग्राफर बाईंच्या बॅगेतली. आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. मला नाक नाही, नाहीतर राग नाकाच्या शेंड्यावर दिसला असता. गोड गोड ऐकायचं असेल तर लग्नात फिरणाऱ्या एखाद्या कॅमेऱ्याला विचारा.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यातला. पांढऱ्या अंगावर काळे चौकोन आणि कडेला बारीक रेघा, एवढंच माझं रूप. माझ्या बऱ्याच बहिणी शाळेत गेल्या. काहींनी वहीवर समास आखले, पोरांनी काहींच्या तलवारी केल्या. मी मात्र फोटोत ठेवायची पट्टी. वस्तूच्या शेजारी मला ठेवलं की बघणाऱ्याला कळतं, ती वस्तू केवढी आहे. मला दुसरं काही येत नाही. पण जे येतं त्यात मी कुणाची भीडभाड ठेवत नाही.

आमच्या बाई मोडलेल्या गोष्टींचे फोटो काढतात. चेपलेल्या गाड्या, जळालेली स्वयंपाकघरं, ओल आलेल्या भिंती, खचलेले जिने. विम्याची माणसं आणि इमारती तपासणारे इंजिनिअर त्यांना बोलावतात. "माझी गिऱ्हाइकं कधी हसत नाहीत," त्या म्हणतात, "पण 'जरा बारीक दाखवा हं' असंही म्हणत नाहीत."

हे काम शिकायला त्या कुठल्या वर्गात गेल्या नाहीत. मूल तान्हं होतं. ओट्यावर साखरेच्या डब्याला फोन टेकवून, भांडी घासता घासता त्यांनी व्हिडिओ पाहिले. फ्लॅश समोरून मारू नका, बाजूने मारा, म्हणजे भेगेची खोली दिसते. पट्टी भेगेला लगटून, भिंतीला चिकटवून धरा. तिरकी धरलीत तर तीही खोटं बोलेल. माझ्याआधी बाई भेगेशेजारी पेनाचं टोपण ठेवायच्या. एका विमेवाल्याने विचारलं, "पण टोपण केवढं होतं?" त्याच संध्याकाळी त्या मला घेऊन आल्या.

त्या शिकत होत्या तेव्हा पोर सांभाळलं ते नणंदेने. बाईंच्या नवऱ्याची ही थोरली बहीण. नवरा ट्रक घेऊन लांब लांब जाणारा, आणि नणंद पलीकडच्या गल्लीत राहणारी. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर तिचं काम. जिभेला धार, पण हात मऊ. "तू शीक गं वहिनी," ती म्हणायची, "पोराकडे मी बघते. दिवसभर मशीनची घरघर ऐकते, त्यापुढे याचं रडणं म्हणजे गाणं."

बॅगेत माझी जागा काय विचारता! कॅमेऱ्याला गादी, लेन्सना एकेक मऊ कप्पा, आणि मी बाहेरच्या खिशात. धूळ उडवायचा रबरी फुगा, संपलेल्या बॅटऱ्या आणि कार्ड रीडर यांच्यात चेंगरलेली. एकदा जिन्यावरून पडले आणि माझा एक कोपरा उडाला. बाईंनी मला उलटून पालटून पाहिलं. "रेघा शाबूत आहेत ना? मग झालं," म्हणाल्या आणि पुन्हा खिशात घातलं. मला ते आवडलं होतं. तेव्हा मी रागावलेली नव्हते.

मग ते काम आलं.

एका इंजिनिअर साहेबांचा फोन होता. बाईंना बरीच कामं त्यांच्याकडूनच मिळायची. इमारतीत तडे गेल्याची तक्रार होती, फोटो हवे होते. पत्ता ऐकून बाई थबकल्या. तो नणंदेचाच कारखाना होता.

आम्ही सुट्टीच्या दिवशी गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं लांबलचक दालन, झाकणं घातलेल्या मशिनींच्या रांगा, कापडाचा कोरा वास. खिडकीकडच्या रांगेवर आडवा बीम होता आणि खांबाशी जिथे तो टेकतो, तिथून एक भेग तिरकी खाली उतरली होती. बाई टेबलावर चढल्या, कपाळाला दिवा बांधला आणि मला भेगेवर आडवं धरलं. भेगेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत माझ्या पाच रेघा गेल्या. आतून गार वारा माझ्या पोटाला लागत होता. भिंतीच्या आतून वारा येऊ नये, एवढं मलाही कळतं.

बाईंनी खाली पाहिलं. टेबलामागच्या खुर्चीवर चिंध्यांची शिवलेली, हिरव्या काठाची उशी होती. तशीच एक उशी आमच्या घरी बाईंच्या खुर्चीवर आहे. दोन्ही एकाच हातच्या.

"बाई, एवढं जवळून नको," साहेब खालून म्हणाले. "लांबून एक छानसा घ्या. आणि ती पट्टी काढा हो, फोटो घाण दिसतो."

घाण! माझ्याच्याने खाली उडी मारवली असती तर त्यांच्या टकलावरच मारली असती.

बाईंनी लांबून एक फोटो काढला आणि माझ्यासकट बरेच काढले. घरी येऊन सगळे ऑनलाइन फोल्डरमध्ये चढवले आणि साहेबांना लिंक पाठवली. काम पोचलं. त्यापुढे आपण काय करणार, असं त्यांना वाटलं असावं.

काही दिवसांनी नणंद उड्या मारत घरात शिरली. "वहिनी! अगं, तुझा फोटो आलाय आमच्या ग्रुपवर! खाली तुझं नाव आहे, हे बघ!"

कारखान्याच्या मालकाने निरोप टाकला होता. इमारत तपासली आहे, सुरक्षित आहे, कुणी अफवा पसरवू नयेत. सोबत बीमचा फोटो. बाईंनी तो बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला. मी त्या वेळी टेबलावरच होते, मला सगळं दिसलं. फोटो माझ्यासकट काढलेल्यांपैकीच होता, पण मी त्यात नव्हते. संगणकावर चेहऱ्यावरचे मुरुम पुसायचं जे हत्यार असतं, त्याने मला पुसलं होतं. माझ्या जागी गुळगुळीत भिंत. आणि भेग? केसाएवढी रेघ उरली होती. खाली मात्र बाईंचं नाव ठळक.

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला.

"माझ्या फोटोचं हे काय केलंत?"

"थोडी साफसफाई केली. लोक उगाच घाबरतात."

"घाबरायलाच हवं! खाली माणसं बसतात तिथे!"

"बाई, फोटो काढणं तुमचं काम. तो वाचणं आमचं."

"मग खाली नाव तुमचं घाला. माझं कशाला?"

फोन कट झाला. बाईंनी तो इतक्या जोरात ठेवला की मी टेबलावर नाचले.

नणंदेला काही उमगेना. बाईंनी तिला मूळ फोटो दाखवले, माझ्यासकट. "ताई, हे खरं. हा बीम तुमच्या डोक्यावर आहे. हे तुमच्या ग्रुपवर टाका. उद्यापासून तिथे बसू नका."

मला वाटलं, नणंद आता पेटणार. पेटली, पण आमच्यावरच.

"बसू नका? मग कुठे बसू, तुझ्या ओट्यावर? कारखाना बंद पडला तर त्या सगळ्या बायांना तू काम देणारेस? तुझं बरं आहे वहिनी. फोटो काढायचा नि मोकळं व्हायचं!"

"ताई, जीव गेल्यावर काम घेऊन काय करणार?"

"जीव रोजच जातोय, थोडा थोडा. तो मोजायची पट्टी आहे का तुझ्याकडे?"

आणि ती निघून गेली. दार एवढं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ वाकडं झालं. फोटो तिने ग्रुपवर टाकले नाहीत. दोघींचं बोलणं बंद पडलं. पोर मध्ये हेलपाटे घालायचं, इकडची भाजी तिकडे, तिकडचा निरोप इकडे, पण निरोपातही राग असायचा. "आत्या म्हणते, तुझी वाटी घे परत."

मीही चिडले होते, नणंदेवर. दिसतं ते का मानत नाही ही बाई? आता कळतं. मी भेग मोजली होती. तिने घरातले रिकामे डबे मोजले होते.

मग एका दुपारी नणंद आली. चपला न काढताच आत. हातात काळ्या कापडाचा तुकडा.

"हे बघ."

कापडावर पांढरी भुकटी होती.

"रोज पडते. मी समजत होते, खुणा करायच्या खडूची आहे. रोज झटकायचे नि शिवायचे. आज मुकादमाने कापड खराब केलं म्हणून चार बायांत मला झापलं. म्हणून वर पाहिलं." ती खुर्चीत बसली. "वहिनी, आमच्या कारखान्यात खडू निळा असतो गं."

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"फोटो नकोत," नणंद म्हणाली. "फोटो पुन्हा पुसतील. ती तुझी पट्टी दे."

बाईंनी मला फडक्याने पुसलं आणि कशी लावायची ते समजावलं. भेगेच्या एकाच बाजूला चिकटवायची, दुसरी बाजू मोकळी सोडायची. भेग जिथे संपते तिथे खडूने खूण करायची. नणंदेने मला डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळून नेलं. पिशवीत गुदमरत मी मनात म्हटलं, साहेब, आता पुसा बरं!

जेवणाच्या सुट्टीत नणंद आणि तिच्या रांगेतली एकजण टेबलावर चढल्या आणि पॅकिंगच्या टेपने मला भिंतीला डकवलं. निळी खूण केली. सुट्टी संपून मशिनी सुरू झाल्या, तेव्हा मुकादम आला तो तणतणत.

"हे काय लावलंय वर?"

"पट्टी आहे," नणंद म्हणाली. "आम्ही कापड मोजतो, ती छत मोजते. ज्याचं त्याचं काम."

तो मला ओढून काढायला टेबलावर चढला. तेवढ्यात खिडकीकडच्या रांगेतली एक मशीन थांबली. मग दुसरी. मग सगळं दालन थांबलं. इतक्या वर्षांत त्या दालनाने कामाच्या वेळी शांतता ऐकली नसेल. कुणी ओरडलं नाही, कुणी हललं नाही. सगळ्या नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. मुकादमाचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर अडला. तो खाली उतरला आणि उगाच हात झटकत निघून गेला.

त्यानंतर प्रत्येक बाई आत आली की आधी वर बघायची, मग बसायची. भेग निळ्या खुणेच्या पुढे गेली. दुसरी खूण झाली. तीही मागे पडली. आणि एका सकाळी माझी सहावी रेघही भेगेच्या तोंडात होती. नणंदेने ती पाहिली, स्वतःची उशी काखेत मारली आणि मशीनचं टोक धरून म्हणाली, "चला गं. मी खाली बसणार. मालकाला शिवून हवं असेल तर खाली शिवीन, नाहीतर नाही."

बायांनी मशिनी उचलल्या. दोघी दोघी, चौघी चौघी, जिन्यावरून शिव्या देत खाली. मालक धावत आला. साहेबही आले, घाम पुसत. त्यांनी वर पाहिलं. माझा उडालेला कोपरा त्यांनी ओळखला, मला दिसलं ते. भेग सगळ्या बायांच्या डोळ्यांसमोर होती आणि ती पुसायला संगणक इथे नव्हता. साहेबांना कबूल करावं लागलं, "हो, इथे बसवणं बरोबर नाही."

तळमजल्यावरच्या गोदामात मशिनी लागल्या. सगळ्या मावल्या नाहीत. काही बायांचं काम गेलं. त्यात पहिली नणंद. असल्या बाईला कोण ठेवतं? साहेबांनी आमच्या बाईंना पुन्हा बोलावलं नाही. दोघी आता एकाच टेबलाशी असतात म्हणे. एका टोकाला बाईंचा लॅपटॉप, दुसऱ्याला नणंदेची मशीन. भांडतात, पण बोलून भांडतात. हे कसं कळलं? परवा गोदामातली एक बाई मागे राहिलेल्या कात्र्या न्यायला वर आली होती. जाताना मला सगळं सांगून गेली.

मी इथेच आहे, कुलूपबंद दालनात. आणि माझा राग कमी झालेला नाही. कारण काल रंगारी आला. मालकाला हे दालन आता दुसऱ्या कुणाला भाड्याने द्यायचंय. रंगाऱ्याने भेगेत लांबीचा पांढरा लगदा भरला, वरून हात फिरवला. मग फोनवर विचारलं, "मालक, इथे एक पट्टी चिकटवलीय, काढू?" पलीकडून उत्तर आलं, "तिच्यावरूनच फास." माझं अर्धं अंग पांढऱ्या चिखलात गेलं. पुन्हा पुसलं मला!

आज सकाळी तो रंग घेऊन शिडीवर चढला आणि थांबला. रात्रीत लांबी वाळली होती आणि त्याच तिरक्या रेषेत फाटली होती. बोट जाईल एवढी. त्याने बोट घालून पाहिलं. मग नखाने खरवडून माझ्या रेघा मोकळ्या केल्या, रंगाचा डबा उचलला आणि निघून गेला. शिडी न्यायलाही परत आला नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही कोण असाल ते असाल, कारखाना काढणार असाल, शिकवणी काढणार असाल. मालक तुम्हाला इथे घेऊन येईल, फरशी दाखवील, उजेड किती छान येतो ते दाखवील. त्याच्या बोटाकडे बघू नका. मान वर करा आणि मला वाचा. वाचता येत नसेल तर नुसत्या रेघा मोजा.

माझं म्हणाल तर मी काही आता बॅगेत परतत नाही. बीम आज ना उद्या खाली यायचाच आणि मी त्याच्यासोबत येणार. त्याचं मला भय नाही, मी प्लॅस्टिकची आहे. पण मी पडेन तेव्हा खाली नुसती फरशी असू दे.