फोनवाल्या महाराजांची वरची लाइन

कुडपणच्या पठारावर जत्रेलाही एवढी माणसं जमत नसत. जीप जिथवर जाते तिथवर जीपनं आणि पुढं पायी, असे लोक पोलादपुराहून आले होते, महाडाहून आले होते, घाटातल्या वाड्यावाड्यांतून आले होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेले काही कामगार तर अजून कंपनीच्या निळ्या सदऱ्यातच होते. देवळापुढच्या मांडवात चौरंगावर निरंतरनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात एक जुना काळा टेलिफोन होता. त्याची वायर तांब्याच्या कलशात सोडलेली. कलशात पाणी, पाण्यात बेलाची पानं. एवढ्या सामानावर महाराज थेट देवाशी बोलत.

"हॅलो, हॅलो! हां माउली, कुडपणावरनं निरंतर बोलतोय," महाराज ओरडत. मग रिसीव्हरवर तळहात ठेवून भक्तांकडे वळत, "ढग आलेत. वरची लाइन जरा खरखरते." लोक आभाळाकडे बघत. एखादा ढग सापडतोच. "हां, आता लागली! कोण गो ती हिरव्या लुगड्यातली? तुझ्या पोराची मुंबैत खोली बदलली. देव म्हणतो, चांगलं झालं, आधीच्या खोलीत वारा नव्हता."

हिरव्या लुगड्यातली बाई तोंडावर पदर घेऊन रडू लागली. पोरानं खोली बदलली होती, हे अगदी खरं होतं. सन दोन हजार चार साली त्या पठारावर साध्या मोबाइललासुद्धा रेंज येत नव्हती आणि इथं तर वायर पाण्यात बुडवून मुंबईची बातमी येत होती.

गर्दीत तिसऱ्या रांगेत शरच्चंद्र गुरुजी दबा धरून बसले होते. पोलादपूरच्या हायस्कुलात ते बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते. तालुक्यात त्यांचं नाव नास्तिक गुरुजी असंच होतं आणि ते त्यांना मनातून फार आवडायचं. त्यांचा खरा दबदबा मात्र तालुक्याबाहेर होता. रोज संध्याकाळी पाच वाजता ते एस. टी. स्टँडासमोरच्या किरणच्या दुकानात जात. एसटीडी, झेरॉक्स आणि इंटरनेट असं तिन्ही तिथं मिळायचं. कोपऱ्यातल्या संगणकावर बसून ते मराठी माणसांच्या एका चर्चास्थळावर 'निर्भय' या नावानं तासभर लढाई करत. प्रार्थनास्थळांवरचे भोंगे, धर्मांतराचा कायदा, कॅमेऱ्याच्या मोबाइलवर बंदी असावी की नाही. निर्भय यांना मत नाही असा विषयच नव्हता. सध्या वाद पेटला होता तो इंटरनेटच्या दुकानांवरून. तिथं कोण बसतो, काय वाचतो, काय लिहितो याची नोंद दुकानदारानं ठेवावी का? निर्भय यांनी ठणकावून लिहिलं होतं, 'सज्जन नागरिकाला लपवण्यासारखं असतं काय? खासगीपणा म्हणजे शहरी लोकांचे चोचले आहेत.' त्यावर पुण्याच्या चैत्राली नावाच्या वकीलबाईंनी एवढंच विचारलं होतं, 'ती नोंद वाचणारा कोण असेल?' निर्भय यांनी हा प्रश्न उत्तर देण्याच्या लायकीचा समजला नव्हता.

तर असे हे निर्भय आज महाराजांचं पितळ उघडं पाडायला पठार चढून आले होते. खिशात पोटॅशियम परमँगनेटची पुडी होती आणि ग्लिसरीनची बाटली होती. महाराजांनी मंत्रानं अग्नी पेटवला की तोच अग्नी आपण मंत्राशिवाय पेटवून दाखवायचा, असा बेत होता. भाषणसुद्धा तयार होतं. महाराज मात्र काही पेटवायलाच तयार होईनात. ते नुसते बोलत होते.

तेवढ्यात महाराजांची नजर त्यांच्यावर आली.

"हां माउली. तिसऱ्या रांगेत? चष्मा? बरं." रिसीव्हरवर तळहात ठेवून महाराज हसले. "या गुरुजी! निर्भय असं नाव घेतलं म्हणून भीती जाते होय? देव विचारतोय, लेकीची पत्रिका पुण्याला धाडलीस ती जुळली का नाय?"

गुरुजींनी खिशातून काढून तयार धरलेली बाटली हातातून सुटली आणि घरंगळत पुढच्या माणसाच्या धोतराखाली गेली.

कारण तेही खरं होतं. त्यांची मुलगी अमिता पुण्यात नोकरी करत होती. तिला एक स्थळ आलं होतं. पत्रिका हे थोतांड आहे असं तिला लहानपणापासून शिकवणाऱ्या गुरुजींनीच मागच्या आठवड्यात पुण्याच्या निषाद नावाच्या जुन्या मित्राला तिची जन्मवेळ कळवून 'कुठं बोलू नकोस, नुसतं कुतूहल म्हणून बघून घे' असं लिहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती, अमिताला सांगणं तर शक्यच नव्हतं. मग महाराजांना कळली कशी?

गुरुजींचे हात आपोआप जोडले गेले. बावीस वर्षांचं विज्ञान तीन मिनिटांत पठारावरून खाली घसरलं. उतरताना त्यांच्या कपाळाला चक्क अंगारा होता. वेशीपाशी आल्यावर त्यांनी तो रुमालानं पुसला. पूर्ण मात्र पुसला नाही, न जाणो!

दुसऱ्या दिवशी निर्भय यांनी चर्चास्थळावर लिहिलं, 'काही गोष्टी विज्ञानाच्या पलीकडे असतात असं नम्रपणे नमूद करतो.' संध्याकाळपर्यंत शंभरावर प्रतिसाद पडले. कुणी नारळ पाठवू का म्हणून विचारलं, कुणी आमचाही नंबर लावा म्हणालं. चैत्रालीबाईंनी थट्टा केली नाही. त्यांनी विचारलं, 'ही गोष्ट तुम्ही याआधी कुणाला सांगितली होती का?' निर्भय यांनी अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, 'कुणालाही नाही.' निषादला लिहिलेली मेल त्यांना आठवली होती. पण मेल म्हणजे काय सांगणं थोडंच? ती तर संगणकावर लिहिली होती. हे उत्तरही त्यांनी त्याच कोपऱ्यातल्या, त्याच संगणकावर बसून लिहिलं.

शनिवारी अंबूबाई तूप घेऊन आल्या. कुडपणच्या अंबूबाई दर आठवड्याला पठार उतरून गुरुजींच्या घरी तूप द्यायच्या आणि गुरुजींच्या पत्नी अनुपमाबाईंशी तासभर बोलून जायच्या. आज त्या तुपाचा डबा हातात धरूनच उभ्या राहिल्या.

"बाय, माझ्याकडनं एक पाप झालं. सांगू का?"

"आधी बसा तरी," अनुपमाबाई म्हणाल्या.

"माझी म्हस मेली नाय."

"मग चांगलंच आहे की."

"नाय गो, तुला कळत नाय! माझा पोरगा राजू दोन वरसं मुंबैवरनं घरी आला नाय. मी त्याला फोनवर सांगितलं, काळी म्हस मेली, मी रडून रडून आजारी हाय, ये. खोटंच सांगितलं. आनी मंगळवारी महाराज भर सभंत मला म्हणाला, अंबूबाई, रडू नको, काळी म्हस देवाच्या गोठ्यात सुखी हाय! मी गप बसले. खरं बोलले असते तर राजूला कळलं असतं ना! पन आज सकाळी तिचं दूध काढताना मनात आलं, देवाच्या गोठ्यात कंची म्हस हाय मग?"

अनुपमाबाई हसता हसता एकदम थांबल्या. "अंबूबाई, फोन कुठून केलात?"

"किरणच्या दुकानातनं. दुसरं कुठं फोन हाय?"

"म्हणजे महाराजांना देवानं सांगितलं नाही. देवाला खरं काय ते कळलं असतं. ज्यानं सांगितलं त्यानं फोनवरचं ऐकलं होतं." त्या गुरुजींकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुमच्याबद्दल महाराज काय बोलले, ते मला अजून नीट सांगितलं नाहीत. कुठं काय लिहिलं होतंत?"

गुरुजींना ते सांगावंच लागलं. आधी पत्रिका शब्द खोकल्यात गेला, मग स्पष्ट आला.

"पत्रिका?" अनुपमाबाई म्हणाल्या.

"नुसतं कुतूहल गं..."

"अमिताला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आता हे सांगा, त्या संगणकावरून उठताना आपलं खातं बंद करता ना?"

"बंद कशाला? तो रोज नम्रपणे विचारतो, तुमचा पासवर्ड लक्षात ठेवू का? मी हो म्हणतो. किती सोय!"

अंबूबाईंना यातलं काही कळलं नाही. पण गुरुजींचा चेहरा बघून त्यांनी स्वतःच उठून त्यांना पाणी दिलं. मग मूळ गोष्ट सांगितली, जिच्यासाठी त्या खरं तर आल्या होत्या. गावातल्या महिपतच्या दोन गाई आठवड्यात मेल्या होत्या. महाराजांनी सांगितलं होतं, करणी झाली आहे, येत्या पौर्णिमेला भर दुपारी करणी करणारीचं नाव देवाकडून घेईन. नाव काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. येसूबाई, एकटी विधवा, झाडपाल्याची औषधं देणारी. तिचं आणि महिपतचं मागच्या महिन्यात भांडण झालं होतं. पोरांनी तिच्या दारावर दगड मारायला सुरुवातही केली होती.

"तिला गावातनं काढतील, बाय," अंबूबाई म्हणाल्या. "ती कुठं जाईल?"

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गुरुजी नेहमीप्रमाणे किरणच्या दुकानात गेले आणि निषादला एक लांबलचक मेल लिहिली. 'माझा शंकर नावाचा जुळा भाऊ लहानपणी सावित्री नदीत बुडाला. त्याची आठवण येते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.' लिहिताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. त्यांना जुळा भाऊ कधीच नव्हता. चार मोठ्या बहिणी होत्या.

पौर्णिमेला पठारावर पाय ठेवायला जागा नव्हती. येसूबाईला दोन बाप्यांनी धरून आणून पुढं बसवलं होतं. ती मान खाली घालून लुगड्याचं टोक पिळत होती. महिपत बाजूलाच बसला होता, कंपनीतली पाळी टाकून. महाराजांनी कलशाला हात जोडले, रिसीव्हर उचलला आणि गुरुजींना बघून आधी त्यांचाच समाचार घ्यायचा ठरवला.

"हॅलो! हां माउली. गुरुजी, तुझा जुळा भाऊ शंकर लाइनवर हाय रे! सावित्रीत बुडालेला! म्हणतो, दादाला सांगा, मी सुखात हाय."

बायका हळहळल्या. गुरुजी उभे राहिले. भाषण पाठ केलं होतं, पण त्याचा पहिला शब्दच आठवेना.

"मला भाऊ नाही," ते म्हणाले. "जुळा नाही, तिळा नाही. ही गोष्ट मी मुद्दाम खोटी लिहिली होती, किरणच्या दुकानातल्या संगणकावर. लेकीची पत्रिकाही तिथंच लिहिली होती. हे लोक चोरून वाचतात आणि..."

"शिकल्याला माणूस असाच बोलनार!" मागून कुणीतरी ओरडलं.

"त्या दिवशी हात जोडलेस तेवा बरा गप होतास!" आणखी एक आवाज आला. हशा झाला. टोमणा खराच होता. गुरुजींनी कार्यकारणभावाविषयी बोलायचा प्रयत्न केला, लोकांनी खाली बस म्हटलं. बावीस वर्षांच्या वक्तृत्वाचा एवढाच उपयोग झाला.

मग मांडवाच्या तोंडाशी गलका उठला. माणसं दोन्हीकडं सरकली आणि मधून अंबूबाई आल्या. त्यांच्या हातात दावं होतं आणि दाव्याला काळी म्हैस होती.

"महाराज," अंबूबाई म्हणाल्या, "ही देवाच्या गोठ्यातनं परत आली बघा. तिला तिथं बरं वाटलं नाय."

म्हशीनं कलशात तोंड घातलं आणि बेलाच्या पानांसकट पाणी पिऊन टाकलं.

पहिला हसला तो महिपत. मग सगळा मांडव हसला. अंबूबाईंनी राजूला फोनवर मारलेली थाप सगळ्यांसमोर सांगितली. स्वतःची लाज त्यांनी उघड्यावर मांडली. मग हिरव्या लुगड्यातली बाई उठली. "माझ्या पोरानं खोली बदलली ते मला किरणच्याच फोनवर कळलं व्हतं." एकेक करत माणसं आठवू लागली, आपण काय बोललो होतो आणि कुठून बोललो होतो. महाराजांनी दोनदा हॅलो म्हणून बघितलं. अनुपमाबाई पुढं झाल्या.

"महाराज, आज सकाळी मी एक गोष्ट कागदावर लिहून पाकिटात घातली. ती कुणाला सांगितली नाही, फोनवर बोलले नाही. काय लिहिलं आहे, विचारा देवाला."

"लाइन एंगेज हाय," महाराज म्हणाले.

त्याच दिवशी वीसेक माणसं किरणच्या दुकानात उतरली. महिपत काचेच्या केबिनमध्ये बसून नुसताच बोलत राहिला आणि अनुपमाबाईंनी गल्ल्याखालचा पडदा उचलून तिथला दुसरा फोन कानाला लावला. केबिनच्या लाइनवरच जोडलेला. महिपत काय बोलत होता ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं, शब्दाला शब्द. किरणनं मान खाली घालून कबूल केलं, फोन तोच ऐकायचा, गुरुजींच्या उघड्या राहिलेल्या खात्यातली मेलही तोच वाचायचा, आणि महाराज म्हणजे त्याचा मामा. तोवर मामा कशेडी घाटाच्या दिशेनं एका ट्रकमध्ये बसून गेला होता. काळा टेलिफोन मात्र पठारावरच राहिला.

गुरुजींनी सगळी हकीकत चर्चास्थळावर लिहिली, या वेळी स्वतःच्या खऱ्या नावानं, महाडच्या दुसऱ्या दुकानातून. पत्रिकेसकट लिहिली. अमिताला त्याआधी सांगितलं होतं. ती चार दिवस बोलली नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, 'कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडण्याआधी आठवून बघा, ते तुम्ही कुठं बोललात, कुठं लिहिलंत आणि तेव्हा तिथं कोण होतं. आपली गोष्ट आपल्यापाशी ठेवण्याचा हक्क मागायला लाजू नका. मी तो आनंदानं देऊन टाकला होता आणि त्यापायी एका बाईचं घर जाणार होतं.'

गाई कशानं मेल्या ते जनावरांच्या डॉक्टरनी दोन मिनिटांत सांगितलं. महिपतनं कंपनीच्या आवारातलं एक निळं पिंप घरी आणून न धुता त्यात गाईंचं पाणी भरलं होतं. तळाला रसायनाचा थर तसाच होता. येसूबाईशी भांडण झालं होतं तेही त्यावरूनच. 'ह्यातलं पानी पाजू नको, जनावरं मरतील' असं ती म्हणाली होती. जनावरं मेली, तेव्हा महिपतला आठवलं ते एवढंच, की ही मरतील म्हणाली होती.

तो तिच्या दारात माफी मागायला गेला, तेव्हा दगडांनी फुटलेली कौलं ती वेचत होती. गुरुजीही बरोबर होते. महिपत म्हणाला, "येसूकाकी, तुला कसं कळलं गो? मी तर कंपनीत काम करतो."

येसूबाईनं हातातलं कौल खाली ठेवलं. "पिंपाला वास येत व्हता. मी वास घेतला. तुला बी नाक हाय ना रे महिपत?"