रविवारची फेरी

माझा टॅक्सचा हिशेब बघणाऱ्या एम्रिसच्या ऑफिसात मी खुर्चीत धड बसलेही नव्हते, तेवढ्यात त्याने विचारलं, "ग्लेनिस, ही लीजवरची गाडी कामासाठी किती फिरते आणि घरच्या कामांसाठी किती? घरच्या फिरण्यावर टॅक्समध्ये सूट मिळत नाही."

"सगळी कामासाठीच! मी घरोघर जाऊन बायकांचे केस धुऊन कुरळे करून देते. स्वान्सी शहरभर काय ड्रायर डोक्यावर घेऊन चालत फिरू?"

"अगं, ओरडू नकोस. आणि दर रविवारी वृद्धाश्रमात जातेस, ते?"

"तिथेही केसच करते."

"कुणाचे?"

मी उगाच गाडीच्या किल्ल्या बोटांत फिरवत राहिले. "आईचे."

एम्रिसने चष्मा काढला. आम्ही एका शाळेतले, पण हिशेबात हा सख्ख्या बहिणीलाही सोडणार नाही. "मग ते खासगीच की. गिऱ्हाईक असतं तर गोष्ट वेगळी. गिऱ्हाईक पैसे देतं."

"तीही देते!" मी ताडकन उठले. "दर वेळी पर्स उघडून पाच पौंडांची नोट माझ्या हातात कोंबते. वर म्हणते, बाई, तुमचा हात किती हलका हो! माझ्या मुलीला मेलीला इकडे फिरकायलाही वेळ नसतो."

एम्रिसचं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. नियमाने आता ती फेरी कामाची ठरत होती, आणि ते त्यालाही कळत होतं.

मी परत खुर्चीत बसले.

"खासगी लिही," मी म्हटलं.