तळहातावरची पाटी

सातवीच्या वर्गात स्नेहलची वही सगळ्यांत देखणी होती, आणि त्या वहीतली एक ओळही तिला धड वाचता येत नव्हती.

फळ्यावरचं ती जसंच्या तसं उतरवून काढायची. वेलांटी कुठे वळते, मात्रा किती झुकते, सगळं हुबेहूब. वर्गशिक्षक दाभाडे सर तिची वही बाकाबाकावरून फिरवायचे आणि म्हणायचे, बघा रे, याला म्हणतात अक्षर. स्नेहल मान खाली घालून हसायची. सगळ्यांना वाटायचं, पोरगी लाजाळू आहे. खरी गोष्ट अशी होती की, वाचायला तोंड उघडलं की तीच देखणी अक्षरं जागा सोडून पळायची. पुढचं मागे, मागचं पुढे, आणि जोडाक्षर आलं की सगळाच गोंधळ. वाचायची पाळी येणार असली की ती आदल्या दिवशी धडा कुणाकडून तरी ऐकून पाठ करून यायची. एवढी मेहनत वाचण्यावर घेतली असती तर, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. ती मेहनतही तिने घेऊन पाहिली होती.

आधी ती तुंगार्लीला शिकायची. वडील अंबाजी तिथल्या एका बंगल्याची राखण करायचे. त्या शाळेतल्या पोरांनी तिचं नाव ‘म्यूट’ पाडलं होतं, कारण वाचायला उभी राहिली की तिच्या तोंडून आवाजच निघायचा नाही. मालकाने बंगला विकला, बिऱ्हाड बेडशाला गावी परत आलं, आणि नव्या शाळेच्या दारात पाऊल टाकताना स्नेहलने मनाशी एकच गाठ मारली. इथे कुणाला कळू द्यायचं नाही.

पण रुपाली मॅडमना दुसऱ्याच आठवड्यात कळलं. त्या विशेष शिक्षिका. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कामशेतहून स्कूटीवर यायच्या आणि पोषण आहाराच्या गोण्यांशेजारच्या खोलीत बसायच्या. पोरं त्या खोलीला ‘बारकी शाळा’ म्हणायची, आणि म्हणताना एकमेकांना कोपर मारायची. मॅडमनी स्नेहलला जवळ बसवलं, चार ओळी वाचायला लावल्या, आणि रागावण्याऐवजी विचारलं, “किती दमत असशील गं तू रोज?” आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. स्नेहल तिथेच रडली.

पहिल्याच शुक्रवारी शेजारच्या बाकावरच्या सारिकाने विचारलं की, तू गं कशाला जातेस त्या खोलीत? स्नेहलच्या तोंडून निघून गेलं, मॅडमना मदत करायला. पवनला शिकवायला. सारिकाने लगेच विश्वास ठेवला. असली वही असलेली मुलगी दुसरं कशाला जाईल तिकडे? संध्याकाळपर्यंत ही थाप वर्गभर झाली आणि आठवड्याभरात दाभाडे सरांपर्यंत पोचली. तेही म्हणाले, शाब्बास.

हा पवन त्यांच्याच वर्गातला. त्याला उजेड कळायचा, अंधार कळायचा, माणसं धुरकट ठिपक्यांसारखी दिसायची, बाकी काही नाही. कान मात्र असे की, शाळेमागून गाडी गेली तर ती कुणाची आणि तिच्या मागच्या चाकात हवा कमी आहे का, हेही सांगायचा. गावातल्या क्रिकेटच्या स्पर्धेत माईक हातात मिळावा ही त्याची एकमेव महत्त्वाकांक्षा होती. त्याचं ब्रेल चालू होतंच, पण तेवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. दुकानाच्या पाट्या ठिपक्यांत कोण लिवतंय मॅडम, मला सगळ्यांची अक्षरं बी पायजेत, असा त्याचा हट्ट.

मॅडमनी त्याला पुठ्ठ्याची अक्षरं चाचपून ओळखायला शिकवलं, आणि मग एक युक्ती काढली. स्नेहलने अक्षर बघायचं आणि पवनच्या तळहातावर बोटाने काढायचं. पवनने ते ओळखून मोठ्याने बोलायचं. ते ऐकत स्नेहलने पुन्हा काढायचं. पहिल्या दिवशी दोघांना गुदगुल्याच झाल्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र स्नेहल चकित झाली. कागदावर पळणारं अक्षर पवनच्या हातावर आलं की गप्प उभं राहायचं. तिचे डोळे आणि त्याचा हात मिळून एक माणूस वाचत होता. पुस्तकाचं अर्धं पान त्यांनी असं वाचलं तेव्हा तिला भीती वाटावी इतका आनंद झाला.

तिची थाप पवनच्या कानावर गेली नसेल, असं शक्यच नव्हतं. एकदा पायरीवर बसल्या बसल्या तो एवढंच म्हणाला होता, “काय मास्तरीणबाई, आज काय शिकवणार आमाला?” तो हसला आणि पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

फेब्रुवारीत सरांनी लेण्यांची क्षेत्रभेट ठरवली. गाव लेण्यांच्या पायथ्याशी, तरी कागदावर नाव क्षेत्रभेटच. पवनने खाली शिपाई जानूमामांजवळ बसावं, असं सरांचं मत पडलं. चारशे पायऱ्या आहेत, पाय घसरला तर कोण जबाबदार? पवन उभा राहिला. दर वैशाखी पौर्णिमेला त्याच्या घरचे सगळे लेण्यावर वंदनेला जायचे आणि त्याला आजीपाशी, भामाबाईपाशी, खाली ठेवायचे.

“बारा पौर्णिमा खालीच बसलोय, सर,” तो म्हणाला. “सगळी उतरून येत्यात अन् म्हणत्यात, लय भारी हाय. काय भारी हाय ते कुणाला सांगता येत न्हाई.”

सर जरा विरघळले. मग त्यांचा चेहरा उजळला. अरे, आपली स्नेहल आहे की. ती त्याला शिकवतेच, तिला सवय आहे. तीच घेऊन येईल. सगळा वर्ग हो म्हणाला. ज्या थापेच्या आडोशाला स्नेहल इतके दिवस लपली होती, त्या थापेनेच आता तिचं मनगट धरलं.

पवन तिचा हात धरून पायऱ्या मोठ्याने मोजत चढला. दोनशेला दम लागला तेव्हा त्याने खाली ऐकलं आणि सांगितलं की, पवना नदीकडच्या रस्त्याला एसटी लागली आहे. सारिका पुढून सारखी मागे वळून बघत होती. तिच्या डोळ्यांत स्नेहलबद्दल इतकं कौतुक होतं की, स्नेहलला तिच्याकडे बघवेना.

वर पोचल्यावर पुरातत्त्व खात्याची निळी पाटी लागली. दाभाडे सरांचा एक रिवाज होता. कुठेही गेलं की तिथली पाटी एकाने मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी लिहून घ्यायची. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती जिथे थांबायची तिथेच थांबली. “स्नेहल, वाच.”

पाठ करायला आदला दिवस नव्हता. पाटीवर पांढऱ्या मुंग्या फिरू लागल्या. अठ्ठावीस वह्या उघडल्या, अठ्ठावीस पेनं सरसावली, आणि स्नेहलच्या घशातून आवाज निघेना. म्यूट. आता कुणी हा शब्द नुसता उच्चारला असता तरी ती तशीच पायऱ्या उतरून पळाली असती.

तिच्या हातातला पवनचा हात हलला. त्याने तो सोडवून घेतला आणि तळवा वर करून पुढे धरला.

“सर, मी वाचू का? ती काढंल माझ्या हातावर.”

सरांना आधी कळलंच नाही. स्नेहलला कळलं. तिने पाटीकडे बघितलं आणि बोटाने पहिलं अक्षर काढलं. “बे,” पवन म्हणाला. मग, “ड.” मग, “बेडसे लेणी.” कुठेतरी एक पेन खाली पडलं. ‘संरक्षित’पाशी तो अडला. तिने पुन्हा काढून दाखवलं, क्षला सावकाश, कारण मॅडमच्या खोलीत दोघांनाही त्याच अक्षराने सगळ्यांत जास्त छळलं होतं. मग तो स्पर्धेच्या माईकवर बोलल्यासारखा खणखणीत आवाजात म्हणाला, “संरक्षित स्मारक.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर चष्मा पुसत म्हणाले, “स्नेहल, काय शिकवलंस गं याला. आम्हाला जमलं नसतं.” सारिकाने येऊन तिला मिठी मारली. पवन बाजूला उभा राहून ऐकत होता. त्याच्या वाट्याला फक्त पाठीवरची एक थाप आली, ज्याला शिकवलं गेलं त्याच्या वाट्याला येते तेवढी. स्नेहलला वाचवलं होतं त्याने, आणि नाव झालं होतं तिचं. तिला आपली स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

पाटीपुढे डोंगराच्या दोन कातळांमधून एक अरुंद बोळ आत जातो. बाहेरून वाटतं, यापलीकडे काय असणार? बोळात गारवा होता. स्नेहल पुढे, पवन तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. बोळ संपला, तिने मान वर केली, आणि ती थांबली ती थांबलीच.

समोर खांब होते. वर बघत जावं तर मान मागे पडावी, इतके उंच. सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं, आणि अगदी वर, आभाळाच्या कडेला, घोडे आणि हत्ती बसले होते. त्यांच्या पाठीवर बायामाणसं होती, गळ्यात दागिने घालून, कधीचीच निघायच्या तयारीत.

“गप का?” पवनने विचारलं. “सांग की.”

“सांगता येत न्हाई.”

“तू बी त्यातलीच निघालीस.” त्याने दोन्ही हात पुढे केले, खांबाचा तळ चाचपला, आणि मिठीत न मावणाऱ्या त्या दगडाभोवती फिरून आला. “घागर हाय ही. दगडाची घागर. एवढं पाणी कोण पितंय?” मग वरचे कंगोरे मोजले. आठ. मग त्याने गाल दगडाला टेकवला.

आत, कमानीच्या छताखालच्या दालनात गेल्यावर त्याने सगळ्यांना गप्प केलं आणि एकच लांब हाक दिली. हाक छताला भिडली, खांबांमागून फिरली, टोकापर्यंत गेली आणि सावकाश परत आली. ती पूर्ण विझेपर्यंत तो डोकं कलतं करून ऐकत राहिला.

“तितं शेवटाला कायतरी गोल हाय,” तो म्हणाला. “मोठं. माणसापरीस लय मोठं. आवाज त्याला वळसा घालून येतोय.”

शेवटाला स्तूप होता. कुणीही त्याला तसं सांगितलं नव्हतं. आपण डोळे असून नुसतं बघत उभे होतो, आणि हा मुलगा एका हाकेत सगळा डोंगर आतून बघून आला, असं स्नेहलला वाटलं. अशा माणसाची मी मास्तरीण म्हणून मिरवते.

बाहेर ओसरीत एका छोट्या दाराच्या वर दगडात एक लेख कोरलेला होता. सारिकानेच तो आधी पाहिला आणि उत्साहाने म्हणाली, स्नेहल, हे पण काढ की पवनच्या हातावर. स्नेहलने काढलं. काठ्या, फुल्या, गोल, अर्धगोल. पवनने कपाळाला आठ्या घातल्या. “हे आपलं न्हाई.”

“ब्राह्मी लिपी आहे ती,” सर म्हणाले. “कुणा दात्याचं नाव आहे, असं पुस्तकात वाचलंय. पण खरं सांगू का, मलाही वाचता येत नाही.”

सरांनाही येत नाही म्हटल्यावर सगळा वर्ग पुढे सरकला. जो तो मान उंच करून बघू लागला. स्नेहलने अक्षरांकडे पाठ केली आणि वर्गाकडे पाहिलं. कपाळं आक्रसलेली, ओठ अर्धवट उघडलेले. डोळे रेघांवरून सरकत होते आणि हाती काही न लागता मागे येत होते. सारिका, मागच्या बाकावरची पोरं, खुद्द दाभाडे सर. हा चेहरा तिला ओळखीचा होता. सात वर्षं तो तिने एकटीने वागवला होता. आज पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाच्या तोंडावर दिसत होता, आणि तोही सगळ्यांच्या.

“सर,” ती म्हणाली. आवाज निघाला याचंच तिला नवल वाटलं. “मला रोज असंच दिसतं. फळ्यावरचं, पुस्तकातलं, सगळं. काढता येतं, वाचता येत न्हाई.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

“मी मॅडमची मदतनीस न्हाई. मी बी तितं शिकायलाच जाते. मघाशी पाटी पवननं वाचली. मी त्याला न्हाई शिकवत. त्योच मला वाचून दाखवतो.”

सारिका त्या लेखाकडे बघत होती, मग स्नेहलकडे, मग पुन्हा लेखाकडे.

“सगळंच असं दिसतं?” तिने विचारलं.

“सगळंच.”

“अन् तरी तू रोज शाळेत येतीस?”

सारिकाने वही पिशवीत टाकली, स्वतःचा तळवा पुढे केला आणि म्हणाली, काढ बरं ते माझ्या हातावर. स्नेहलने काढलं. मागून दुसरा हात आला, मग तिसरा. कुणालाच त्यातलं काही वाचता येत नव्हतं, आणि कुणीही हात मागे घेत नव्हतं. शेवटी सरांनीही खडूने खरखरीत झालेला आपला तळवा पुढे धरला.

निघताना सरांनी विचारलं की, उतरताना पवनला कोण धरेल? चार-पाच जण पुढे झाले. पवन स्नेहलच्या कोपराला धरून उभा होता.

“मला नका धरू,” तो म्हणाला. “हिला धरा. हिचं पाय लटपटत्यात.”

सारिकाने तिचा दुसरा हात धरला. तिघं मिळून पायऱ्या उतरू लागली, आणि पवनने पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.