पूर्वरंगानंतरचा बुक्का

ताईच्या रक्तातून काढलेल्या पेशी सोमवारी सकाळी काचेच्या बशीतून खाली उतरल्या आणि प्रयोगशाळेच्या फरशीवर मांडी घालून बसल्या. प्रत्येक पेशी बसलेल्या माणसाएवढी होती. कपाळं कोरी होती.

माझी सहकारी रुबिना तांबोळी दारात चपला काढून उभी होती.

"मॅडम, ह्या कीर्तनाला आल्यात. मी सतरंजी मागवलीय."

"एक पुरेल?"

"लांबतेय ती."

या पेशी ओळखण्यात माझे केस पांढरे झाले. शरीरात परकं काही शिरलं की त्या त्याच्यावर तुटून पडतात. त्यांच्यातल्याच काही समजूतदार असतात. त्या बाकीच्यांना आवरतात, हे आपलंच आहे, राहू द्या. गेल्या चैत्रात मी माझी डावी किडनी ताईला दिली. आता तिचं शरीर ती ठेवून घ्यायला तयार नव्हतं.

फोन वाजला. हॉस्पिटलमधून कालिंदीताई बोलत होती. माझी थोरली बहीण, कीर्तनकार. गावोगावी तिच्या साथीला पेटीवर मीच बसत आलेय.

"वसे, सूज गुडघ्यापर्यंत आली बघ. तुझी किडनी रुसली गं माझ्यावर."

"ती नाही रुसली, तुझ्या पेशी उठल्यात तिच्यावर. आत्ता इथे बसल्यात. कीर्तन मागतायत."

"मग उभी राहा की."

"मी पेटीवाली, ताई. मला कुठे बोलता येतं?"

"जन्मभर ऐकलंस ते कुठे गेलं? उभी राहा. कीर्तन चालू असताना कुणी उठत नाही. तेवढा वेळ तरी तुझी किडनी माझी."

मी पांढऱ्या कोटावर उपरण्यासारखी रुबिनाची ओढणी घेतली. झांजा नव्हत्या, म्हणून स्टीलच्या डब्यांची दोन झाकणं घेतली. नमन झालं. निरूपणाला विषय दुसरा सुचेना, म्हणून आपलं कोण आणि परकं कोण हाच घेतला. पेशी डोलायला लागल्या. माझाही आवाज मोकळा झाला. देवाचं नाव घेताना तो कसा बरोबर सुरात लागतो, ते मला पेटीमागून कधी कळलं नव्हतं.

माझ्या पाठीमागचं दार त्या दिवशी ताईच्या कुशीत उघडत होतं. तिथून माझ्या किडनीची धाप ऐकू यायची, पेटीच्या भात्यासारखी. पेशी डोलत होत्या, पण नजर माझ्या खांद्यावरून त्या दाराकडे.

"पुढे सरकून घ्या," मागून कुणीतरी म्हणे. "अजून मंडळी उभी आहेत."

प्रत्येक चरणाला सगळी बैठक वीतभर पुढे सरके. खोली मागच्या बाजूला लांबत गेली आणि माझ्यापुढची जागा संपत गेली. पूर्वरंग आटोपला तेव्हा माझी पाठ दाराला टेकली होती.

पूर्वरंग आणि आख्यान यांच्यामध्ये थोडी उसंत असते. नामाचा गजर होतो, हार घालतात, बुक्का लावतात. घाईची माणसं याच वेळी उठून जातात.

"रुबिना, बुक्का."

तिनं फ्रीजरमधली कुपी आणली. मी आयुष्यभर जपलेल्या समजूतदार पेशी तिच्यात वाळून काळ्याभोर झाल्या होत्या. झाकण काढलं तर वास बुक्क्याचाच. रुबिना दाराला पाठ लावून उभी राहिली. मी गजर करत, गुडघ्यांमधून वाट काढत एकेकीला बुक्का लावत गेले. अंगठा टेकला की कपाळ निवायचं, हात जुळायचे. सतरंजीच्या टोकाला कुपी रिकामी झाली. मी परत दारापाशी येऊन उभी राहिले. कुणीही उठलं नव्हतं.

पुन्हा फोन.

"वसे, सूज उतरतेय गं! बोटातली अंगठी फिरायला लागली. सगळ्यांना लावलास?"

"सगळ्यांना."

"आणि तुला?"

मी कपाळाला हात लावला. कोरं होतं.

"अगं, कीर्तनकाराला आधी लावून घ्यायचा असतो! पेटीवाली ती पेटीवालीच."

पेटीवर दोन्ही हात गुंतलेले असायचे. बुक्क्याचं ताट फिरायचं तेव्हा मी नेहमी हसून मान हलवायची, पुढे जाऊ द्या म्हणून.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी पेशी माझ्याकडे निरखून बघत होती.

"बाई, तुम्ही कोणाच्या?"

"ह्यांची धाकटी." मी दाराकडे बोट केलं.

"मग कपाळ असं कसं?"

"संपला."

"संपला कसा? हा घ्या ना." तिनं मायेनं स्वतःच्या कपाळावरचा बुक्का अंगठ्यानं पुसून घेतला. तिचं कपाळ कोरं झालं. तिनं अंगठा माझ्याकडे उचलला, पण हात माझ्या कपाळापर्यंत पुरेना. म्हणून ती उठून उभी राहिली, आणि तिला बघून मागच्याही उठू लागल्या; सतरंजी शेवटपर्यंत सळसळली.